समुद्र नसलेल्या जिल्ह्यातील मत्स्यशास्त्र

बारावीनंतरच्या करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत गेली काही वर्षे मला बोलावणे येते. छत्रपती संभाजीनगर, जालना, पैठण, गंगापूर अशा ठिकाणी मी जाते. विषय बहुधा ठरलेला असतो : सागरी संवर्धन आणि शाश्वत मत्स्यसंवर्धन यांतील संधी. माझे बोलणे संपले की एखादे पालक हमखास विचारतात, "मॅडम, हे सगळं ठीक आहे, पण आपल्याकडे समुद्र कुठे आहे?"

प्रश्न रास्त आहे. आपल्या शहरापासून मुंबईचा किनारा तीनशेहून अधिक किलोमीटर दूर. घरात मासे न शिजणारी कुटुंबेही इथे पुष्कळ. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलीने किंवा मुलाने आयुष्याची पंचवीस-तीस वर्षे मासे, पाणी आणि किनारा यांच्या अभ्यासाला द्यावीत का, हा त्या घरापुरता फार खरा प्रश्न असतो. शिबिरात दहा मिनिटांत त्याचे उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेख.

आधी एका शब्दाविषयी. इंग्रजीत ज्या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत, त्या दोहोंसाठी आपण मराठीत 'संवर्धन' हा एकच शब्द वापरतो. कासवांचे संवर्धन म्हणजे त्यांना वाचवणे. मत्स्यसंवर्धन म्हणजे तळ्यात मासे वाढवणे, पोसणे, विकणे. या एकाच शब्दामुळे वाचवणे आणि वाढवणे आपोआप हातात हात घालून चालतात असा समज होतो. प्रत्यक्षात ती दोन कामे अनेकदा एकमेकांच्या आड येतात. ती एकमेकांना पूरक कशी होतील हे शोधणे, हाच या क्षेत्रातील माणसाचा रोजचा उद्योग आहे. आणि तो शिकण्यासाठी मराठवाडा ही वाईट जागा नाही.

नाथसागर : उथळ पाण्याचा मोठा पसारा

शहरापासून साधारण पन्नास किलोमीटरवर पैठणला गोदावरी अडवली आहे. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन. सुमारे दहा किलोमीटर लांबीचे हे मातीचे धरण. मागे पसरलेल्या जलाशयाला संत एकनाथांच्या नावाने नाथसागर म्हणतात. त्यासाठी शंभराहून अधिक गावे उठली. माझ्या आजोबांची काळ्या मातीची जमीन याच पाण्याखाली आहे. त्यामुळे या पाण्याकडे मी केवळ अभ्यासाचा विषय म्हणून कधीच पाहू शकले नाही.

जलाशय पूर्ण भरला की त्याचे क्षेत्र सुमारे ३५० चौरस किलोमीटर, म्हणजे ३५ हजार हेक्टर होते. साठवणक्षमता सुमारे २,९०० दशलक्ष घनमीटर, म्हणजे १०२ टीएमसीच्या आसपास. या दोन आकड्यांचा भागाकार करा. सरासरी खोली निघते जेमतेम आठ मीटर. एवढ्या विस्ताराच्या जलाशयाला ही खोली फार कमी आहे. माशांच्या दृष्टीने हे वरदान आहे. उथळ पाण्यात सूर्यप्रकाश मोठ्या भागात पोचतो, सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी जगतात आणि त्या दोहोंवर मासे. खोल, थंड, डोंगराळ धरणांपेक्षा असे जलाशय हेक्टरी जास्त मासे देऊ शकतात. पाणपक्ष्यांसाठीही तेच खरे. १९८६ मध्ये हा जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला, त्यामागे हा उथळपणाच आहे.

पण उथळ पाण्याची दुसरी बाजूही आहे. पातळी थोडी खाली गेली तरी पाणी फार मोठ्या क्षेत्रावरून मागे सरते. उन्हाळ्यात बाष्पीभवन जास्त. शहराचे पिण्याचे पाणी, उद्योगांचे पाणी आणि कालव्यांचे पाणी याच साठ्यातून जाते. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यावर आले होते. उघड्या पडलेल्या जमिनीवर शेतकरी गाळपेर करतात. त्या पिकांवर फवारलेले औषध आणि टाकलेले खत पावसाळ्यात पाणी परत चढले की जलाशयात मिसळते. म्हणजे मासेमार, शेतकरी, शहरवासी, कारखाने आणि पक्षी, सगळ्यांचा हिशेब एकाच पाण्यावर लिहिलेला आहे. मत्स्यशास्त्रज्ञाला फक्त मासा कळून भागत नाही, याचा पहिला धडा इथे मिळतो.

मत्स्यजिरे ते बोटुकली

नाथसागरात कटला, रोहू, मृगळ हे मासे आहेत, हे बाजारात जाणाऱ्याला ठाऊक असते. हे मासे तिथे येतात कसे, हे फार थोड्यांना माहीत असते. या तिन्ही जातींना भारतीय प्रमुख कार्प म्हणतात. त्या नदीतल्या जाती आहेत. पावसाळ्यात नदीला पूर येतो, पाणी गढूळ आणि थंड होते, प्रवाह वाढतो, आणि या खुणा मिळाल्यावर माशाच्या मेंदूतळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून अंडी पक्व करणारे संप्रेरक सुटते. साचलेल्या तळ्यात या खुणा मिळत नाहीत. मादीच्या पोटात अंडी तयार होतात, पण ती बाहेर टाकली जात नाहीत. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात हव्या-नको त्या सगळ्या जातींची भेसळ असे.

१० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजनन घडवून आणले. नदीचा पूर जो निरोप देतो, तोच सुईने देण्यात आला. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज बीजकेंद्रांत तयार कृत्रिम संप्रेरक वापरतात. पद्धतीचे तत्त्व मात्र तेच आहे.

कार्पची मादी वजनाच्या किलोमागे लाखाहून अधिक अंडी देते. योग्य तापमानाला ती एका दिवसाच्या आत उबतात. बाहेर पडलेली पिले जिऱ्याएवढी दिसतात, म्हणून त्यांना मत्स्यजिरे म्हणतात. दोन-तीन आठवड्यांत ती इंचभर होतात, तेव्हा ते मत्स्यबीज. आणखी दोन-तीन महिन्यांनी बोटाएवढी झाली की बोटुकली. या प्रत्येक पायरीवर मोठी गळती होते. तळ्यातले पाणकिडे, बेडूक, अपुरे खाद्य, एखाद्या सकाळी कमी पडलेला प्राणवायू, असे काहीही पिलांचा घास घेते.

इथे शास्त्र आणि व्यवहार यांची पहिली गाठ पडते. धरणात सोडायची ती बोटुकली. शक्यतो दहा सेंटिमीटरच्या आसपासची. कारण धरणात शिवडा, मरळ असे शिकारी मासे असतात आणि लहान बीज म्हणजे त्यांचे खाद्य. पण जिरे किंवा लहान बीज स्वस्त पडते, नेणे सोपे असते आणि कागदावर संख्या मोठी दिसते. बोटुकली वाढवायला तळी लागतात, महिने लागतात, खर्च होतो. म्हणून एखाद्या तलावात किती लाख बीज सोडले हा आकडा ऐकला की मी नेहमी विचारते, कोणत्या आकाराचे? त्या उत्तरावर तीन वर्षांनंतरचे उत्पन्न ठरते.

जाळ्याचा आस

नाथसागरावर भोई आणि कहार समाजातील अनेक कुटुंबे मासेमारीवर जगतात. थर्माकोलच्या चप्पूवर बसून, हाताने वल्हवत, संध्याकाळी जाळे लावायचे आणि पहाटे काढायचे. जाळे पाण्यात पडद्यासारखे उभे असते. मासा डोके घालतो, पुढे जाता येत नाही, मागे सरताना कल्ले अडकतात. अशा जाळ्याचे एक वैशिष्ट्य आहे. त्याच्या आसाच्या, म्हणजे भोकाच्या मापावर कोणत्या आकाराचा मासा सापडणार हे ठरते. लहान मासा आरपार जातो, फार मोठा मासा डोके घालूच शकत नाही. जाळे म्हणजे एक चाळणी आहे आणि तिचे माप आपल्या हातात आहे.

मग सगळे मोठ्या आसाचे जाळे का वापरत नाहीत? समजा, एका मच्छीमाराच्या जाळ्यात शंभर ग्रॅमचा कटला आला. तोच मासा वर्षभराने किलोचा होईल, त्यानंतर एकदा अंडीही घालील, हे त्याला कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त चांगले कळते. पण त्याने तो सोडला तर वर्षभराने तो त्याच्याच जाळ्यात येईल याची हमी काय? आणि एप्रिलमध्ये पाणी मृतसाठ्यावर गेले तर मासा राहीलच का? ज्याला उद्याची खात्री नाही, तो आज लहान मासा पकडतो. याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे; माझ्या मते तो सरळ हिशेब आहे. हा हिशेब बदलायचा असेल तर जाळी जप्त करून भागत नाही. मासेमारीचा हक्क कोणाला, किती वर्षांसाठी, बीज कोणी सोडायचे आणि पाणी किमान किती राखायचे, हे ठरवावे लागते. मच्छीमार सहकारी संस्था जिथे बळकट असतात आणि आपल्या सभासदांवर नियम लावू शकतात, तिथे मोठे मासे जास्त दिसतात. त्यांना आकडे देणे, त्यांच्या बोलीत समजावणे आणि त्यांचे म्हणणे कार्यालयात पोचवणे, हे मत्स्यशास्त्रज्ञाचे काम आहे.

परक्या जातींचा प्रश्न याच ओघात येतो. आफ्रिकी तिलापिया भारतात १९५२ मध्ये आणला गेला. आपल्याकडे त्याला चिलापी म्हणतात. तो लवकर वयात येतो, वर्षातून अनेकदा पिले देतो आणि पिले तोंडात धरून सांभाळतो. त्यामुळे ज्या जलाशयात पाणी आणि मासेमारी दोन्ही अस्थिर, तिथे तो टिकतो आणि कटला-रोहू मागे पडतात. गरीब घरात स्वस्त प्रथिने म्हणून तोच शिजतो, हेही तितकेच खरे. थाई मांगूर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आफ्रिकी मागुरावर केंद्र सरकारने २००० मध्ये बंदी घातली; कारण तो मांसाहारी आहे, घाण पाण्यात तग धरतो आणि तळ्यातून निसटला की देशी मासे फस्त करतो. बंदीनंतरही चोरून त्याची शेती होतेच. कोणती परकी जात रोखायची आणि कोणतीसोबत जगायला शिकायचे, याचे उत्तर प्रत्येक जलाशयाला वेगळे लागते.

शेततळ्यातली पहाट

२०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली आणि मराठवाड्यात प्लास्टिक अंथरलेली शेततळी मोठ्या संख्येने दिसू लागली. फळबागेसाठी साठवलेल्या पाण्यात मासे सोडले तर जोडउत्पन्न मिळेल, ही कल्पना चांगली आहे. ती फसते तेव्हा बहुधा एकाच वेळी फसते : पहाटे.

दिवसा पाण्यातील शेवाळ प्रकाशसंश्लेषण करते आणि प्राणवायू सोडते. सूर्य मावळला की ते काम थांबते. पण शेवाळ, मासे, तळाशी कुजणारे खाद्य आणि जिवाणू हे सगळे रात्रभर श्वास घेतच असतात. म्हणून प्राणवायू सर्वांत कमी असतो तो सूर्योदयाच्या थोडा आधी. त्यात गरम पाण्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना सुमारे साडेसात. कार्प माशांना ५ मिलिग्रॅम असला की बरे वाटते, ३ च्या खाली गेला की ते वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. ढगाळ हवामानाचे दोन दिवस, हिरवेगार पाणी आणि जरा जास्त टाकलेले खाद्य, एवढे जुळून आले की सकाळी तळ्यावर पांढरे थर दिसतात. शेतकरी म्हणतो, कोणीतरी विष टाकले. विष कोणीही टाकलेले नसते. आदल्या संध्याकाळी साध्या किटने पाणी तपासले असते, खाद्य थांबवले असते आणि पंपाने पाणी उडवत ठेवले असते, तर बरेच मासे वाचले असते.

आता 'शाश्वत' हा शब्द. शेततळ्यातील मासेपालन आपोआप निसर्गस्नेही ठरत नाही. ते माशाला काय खाऊ घालता यावर अवलंबून आहे. कटला वरच्या थरातील सूक्ष्म प्राणी खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचे कुजके अन्न उचलतो, गवत्या गवत खातो. अशा जाती एकत्र वाढवल्या की पाण्याचा प्रत्येक थर कामाला येतो आणि भाताचा कोंडा, पेंड यांवर भागते. याला मिश्र मत्स्यसंवर्धन म्हणतात. पण दाट साठवण करून तयार गोळीखाद्य देणे सुरू झाले की चित्र बदलते. किलोभर मासा मिळवायला साधारण दीड-दोन किलो खाद्य लागते आणि अशा अनेक खाद्यांत मासळीची भुकटी असते. एक किलो भुकटी करायला चार ते पाच किलो ताजी मासळी लागते. ती मासळी येते समुद्रातून : तारलीसारखे लहान मासे आणि ट्रॉलरच्या जाळ्यात आलेली, बाजारात भाव नसलेली पिले.

म्हणजे समुद्रापासून तीनशे किलोमीटरवरचे एखादे तळे समुद्र वाचवू शकते किंवा समुद्र खाऊही शकते. कोणता मासा निवडला आणि त्याला काय घातले, यावर ते ठरते. "आपल्याकडे समुद्र कुठे आहे?" या प्रश्नाचे पहिले उत्तर हे : खाद्याच्या पोत्यात.

किनाऱ्याने शिकवलेले

मी १९९० च्या दशकात रत्नागिरीजवळच्या शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात शिकले. तेव्हा किनाऱ्यावर कोळंबी शेतीची लाट होती. अनेक ठिकाणी खाजण आणि भातजमिनी तोडून तळी झाली, दाट साठवण झाली आणि मग पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूरोगाने तळीच्या तळी रिकामी झाली. खाऱ्या पाण्याने शेजारच्या विहिरी बिघडल्याच्या तक्रारी गावोगाव होत्या. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एस. जगन्नाथ खटल्यात किनारी कोळंबी शेतीवर कडक निर्बंध घातले. पुढे २००५ मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला, नोंदणी आली, साठवणुकीला मर्यादा आल्या. आमच्या पिढीला शाश्वततेचा अर्थ पुस्तकातून नाही, तर ओस पडलेल्या तळ्यांकडे पाहून कळला.

नंतर काही वर्षे माझे काम मासळी बंदरांवर होते. पहाटे बोटी लागल्या की पाट्यांतील मासे मोजायचे, लांबी घ्यायची, पोट फाडून अंडकोश पाहायचा. काम वासाचे आणि पाठ मोडणारे. त्यात आकडा खोटा लिहिण्याचा मोह मोठा. पण अशाच हजारो नोंदींतून कोणता मासा किती लांबीला पहिल्यांदा अंडी घालतो हे निघते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली, ती अशा नोंदींच्या आधारावर. पापलेटसाठी ती १३५ मिलिमीटर आहे. त्याच वर्षी पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित करण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदीही बऱ्याच जातींच्या प्रजननकाळाशी जुळवलेली आहे. वाचकांना यात करण्यासारखे एक आहे : तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळाले तरी घेऊ नका.

संवर्धनातले यश कसे येते, याचीही उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून सागरी कासवांच्या घरट्यांचे रक्षण सुरू केले. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले आणि अंडी जपण्यात गावाचा फायदा दिसू लागला. २०१८ मध्ये राज्याने ठरवले की कासव, डॉल्फिन किंवा देवमुशी जाळ्यात सापडली आणि तिला सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळे कापले, तर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायची. या साध्या नियमाने पुष्कळ प्राणी वाचले, कारण वाचवण्याचा खर्च एकट्या गरीब माणसावर टाकला गेला नाही. वन विभागाच्या कांदळवन कक्षाने २०१७ पासून किनारी गावांत खेकडे, जिताडा, कालवे यांचे संवर्धन कांदळवन राखण्याशी जोडले. कालवे आणि शिंपले यांना तर खाद्यच लागत नाही. ते पाणी गाळून जगतात. वाचवणे आणि वाढवणे खरोखर एकत्र आले, तर असे दिसते.

२०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर बिल्ला लावलेले एक ऑलिव्ह रिडले कासव २०२५ च्या सुरुवातीला गुहागरला अंडी घालताना आढळले. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी, असे आम्ही गृहीत धरत होतो. त्या गृहीतकाला एका धातूच्या बिल्ल्याने धक्का दिला.

गोदावरी कुठे जाते?

पालकांच्या प्रश्नाचे दुसरे उत्तर नकाशात आहे. त्र्यंबकेश्वरला उगम पावलेली गोदावरी १,४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे. त्रिभुज प्रदेशाची जमीन नदीने आणलेल्या गाळाने घडते. वरच्या धरणांत गाळ अडला की मुखाशी जमीन घडण्याचे काम मंदावते आणि समुद्र आत येऊ लागतो. गोदावरीच्या मुखाशी किनारा मागे सरत असल्याचे अभ्यासकांनी दाखवले आहे आणि अडलेला गाळ हे त्याचे एक मुख्य कारण मानले जाते. आपण खाम नदीत टाकलेला कचरा, शेतातले जादा खत आणि धरणात अडलेला गाळ, या सगळ्यांचा परिणाम खाली कोणाला तरी भोगावा लागतो. पैठणला बसून समुद्राचा अभ्यास करता येतो, असे मी म्हणते तेव्हा त्यात अलंकार नसतो.

वाट कशी धरावी?

आता करिअरविषयी सरळ बोलू. बारावी विज्ञान, जीवशास्त्रासह, झाल्यावर चार वर्षांची मत्स्यशास्त्र पदवी घेता येते. शिरगावचे महाविद्यालय १९८१ चे. त्यानंतर महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालये नागपूरला आणि आपल्या मराठवाड्यात उदगीरला झाली. आपल्या मुलामुलींना आता समुद्राकाठी जाऊनच पदवी घ्यावी लागत नाही. पदव्युत्तर शिक्षणासाठी मुंबईच्या वर्सोव्यातील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था (स्थापना १९६१) ही देशातील अग्रणी संस्था आहे. प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यावरणशास्त्र यांतून येणाऱ्यांनाही सागरी जीवशास्त्राकडे वळता येते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत अशी अनेक माणसे आहेत.

नोकऱ्या कुठे? राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागातील पदे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या संस्थांमधील वैज्ञानिक पदे, वन विभागाचे प्रकल्प, निर्यात मंडळ, बीजकेंद्रे, खाद्य कारखाने, तपासणी प्रयोगशाळा, स्वयंसेवी संस्था आणि स्वतःचा व्यवसाय. २०२० मध्ये केंद्राने २०,०५० कोटी रुपयांची प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आणली आणि २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे काम वाढते आहे.

पण शिबिरात सहसा न सांगितली जाणारी बाजूही सांगते. सरकारी पदांच्या जाहिराती नियमित निघत नाहीत. संवर्धनाच्या क्षेत्रातील बरीच कामे प्रकल्पांवर चालतात. प्रकल्प संपला की नोकरी संपते. पहिली पाच-सात वर्षे पगार बेताचा. डायव्हिंग करत प्रवाळ पाहणे हा या कामाचा फार छोटा भाग. बाकी मोजणे, लिहिणे, गावात बसून ऐकणे. मुलींना बोटीवर नेण्याबद्दल अजूनही कुरकुर होते. मला ती ऐकावी लागली, माझ्या विद्यार्थिनींनाही लागते. मात्र त्यांची संख्या वाढली तशी ती कमी होत गेली. ज्यांना हे चालेल त्यांनी तीन गोष्टी लवकर शिकाव्यात : पोहणे, संख्याशास्त्र आणि लोकांशी त्यांच्या भाषेत बोलणे. तिसऱ्या बाबतीत भोई-कहार वस्तीशेजारी वाढलेल्या मुलाला शहरी पदवीधरापेक्षा आघाडी आहे, आणि त्या वस्तीतल्या मुलाला तर सर्वांत जास्त.

मोजणारा माणूस हवा

हे सगळे आजच का लिहावेसे वाटले, तेही सांगते. नाथसागरावर तरंगता सौरऊर्जा प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव आहे. पैठणच्या कहार समाजाच्या संघटनेने त्याविरुद्ध आधी राष्ट्रीय हरित लवादाकडे आणि मग सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. मे २०२५ मध्ये ती याचिका फेटाळली गेली. स्वच्छ वीज हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पॅनेलच्या सावलीने बाष्पीभवन कमी होते, हा फायदाही दुष्काळी भागात लहान नाही. पण त्याच सावलीखाली शेवाळ कमी वाढेल, मग सूक्ष्म प्राणी, मग मासे. जाळी लावायच्या जागा बदलतील. किती टक्के पाणी झाकले तर परिणाम नगण्य आणि किती झाकले तर गंभीर, हे सांगायला प्रकल्पाआधीची पाच-दहा वर्षांची नोंद लागते : कोणत्या महिन्यात, कोणत्या भागात, किती आणि केवढे मासे मिळत होते. नुकसानभरपाई मागायची तरी तीच नोंद लागेल. चप्पूवरच्या माणसाजवळ पिढ्यांचे ज्ञान आहे. पण कार्यालयात आणि न्यायालयात तक्ता मागतात.

तो तक्ता भरणारी माणसे या जिल्ह्यात फार थोडी आहेत. दर महिन्याला ठरलेल्या चार ठिकाणी पाणी तपासावे, जाळ्यातल्या माशांची लांबी घ्यावी, वही नीट ठेवावी आणि तिची एक प्रत मच्छीमार संस्थेला द्यावी, एवढ्या कामासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. पैठण किंवा गंगापूरच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राचे विद्यार्थी ते येत्या हिवाळ्यापासून सुरू करू शकतात. त्यातला एखादा पुढे वर्सोव्याला किंवा गोव्याला जाईल, एखादी उदगीरला शिकून बीजकेंद्र काढील, काही दुसरेच काही करतील. वही मात्र इथे राहील आणि पाण्याबद्दलचा पुढचा निर्णय होताना ती टेबलावर ठेवता येईल.